‘हवा’ परत करा

शुक्र., २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४०
बारामती. मराठी मंडळाचा कार्यक्रम. रोजा सोडायला पर्समधला खजूर तोंडात टाकला आणि नवी स्मरणिका उघडली. माझा लेख, अम्मावरचा. शेवटची ओळ वाचली, परत वाचली.

गेल्या वर्षी अम्मा गेली ती आमच्या गावी, निरवांगीच्या घरात, पेरूंच्या क्रेटशेजारी. शेवटचं बोलली ते मी होतं तसं लिहिलं होतं: "दार उघड गं. जरा हवा येऊंदे. पेरू नासत्याल."

छापलंय: "द्वार उघड गं. किंचित वायू येऊ दे. पेरू नासतील."

किंचित वायू. मरणाऱ्या बाईच्या तोंडी.

मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. संपादक चिटणीस सर व्यासपीठावर, गळ्यात हार. माझ्याकडे बघून मान डोलावली. कौतुकाच्या अपेक्षेने!

शनि., २८
चि.ना फोन. (चि. म्हणजे चिटणीस. चिरंजीव नव्हे, तो आशीर्वाद माझ्याकडून मिळणार नाही.)

"रझियाबाई, मी फक्त परकीय शब्द काढले. भाषा निर्मळ केली."

"'फक्त' कुठला, सर? अरबी."

मग गोड आवाजात, "राग मानू नका. तुमच्या लोकांच्या बोलण्यात ते सहज येतात."

तुमच्या लोकांच्या. अम्माचा अख्खा जन्म इंदापूरच्या बाजारात पेरू विकण्यात गेला, आणि ज्या भाषेत ती भांडली ती तिची नव्हे म्हणे.

दुरुस्ती छापा म्हटलं. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" म्हणाले आणि फोन ठेवला.

रवि., १ मार्च
इंदापूर. सलीमकडे, बाजारात. बाग आणि पेरूचा धंदा आता हा धाकटा भाऊच बघतो. मी उभी असतानाच शेजारचा कांदेवाला ओरडला, "काय सलीमभाई, आज वायू हाय का न्हाय?" सगळी ओळ हसली. त्या पानाचा फोटो मोबाइलवर फिरतोय.

सलीम पेरू पुसत राहिला. मान वर न करता म्हणाला, "आपा, तू लिवायलाच नको व्हतं. अम्माला समदा बाजार टरकून असायचा. आता हसत्यात."

मी फडकं उचललं आणि त्याच्याबरोबर पेरू पुसू लागले.

सोम., २
सकाळी भांडी लावताना एक कोडं सुटलं. 'दार' का बदललं? ते तर द्वाराचंच झालेलं, चि.च्या हिशोबानेही घरचं. पण त्यांना वाटलं असणार, दुकानदार-जमीनदारातलं फारसी दार! प्राध्यापक म्हणे.

आणि पेरू? तो जागच्या जागी. पोर्तुगिजांबरोबर नावासकट आलेला, निरवांगीच्या मातीत असा मुरला की चि.ना ओळखू आला नाही. म्हणजे चाळणी परक्यांसाठी नव्हतीच. 'हवा' आमची वाटली म्हणून हाकलली.

लहानपणी पुण्याच्या कॉन्व्हेंटात मराठी बोलले की सिस्टर बाकावर उभं करायच्या. आता मराठी लिहिलं तर हे. (बाकही पोर्तुगीजच. असो.)

शब्द उसने घेतले म्हणतात. कसले उसने? उसनं परत करतात. हे तर घरात येऊन, जेवून, लग्नं करून राहिलेत. त्यांना आता दारात उभं करून गाव विचारायचं?

बुध., ४
लाल पेन. मास्तरकी सुटली तरी हात विसरत नाही. चि.चं संपादकीय घेतलं आणि त्यांचाच नियम लावला. मूळ: "अखेर ही जबाबदारी मी खुशीने स्वीकारली, कारण मराठीची मजा तिच्या शुद्धतेत आहे."

उरलं: "ही मी ने स्वीकारली, कारण मराठीची तिच्या शुद्धतेत आहे."

फार दिवसांनी मोठ्यांदा हसले. पाकिटात घातलं.

शुक्र., ६
पाकिटावर नाव काय लिहायचं? चिटणिसातला 'णीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. अर्धं आडनावच परकं! निर्मळ केलं: 'श्री. चिठ्ठीलेखक'. पत्ता बरोबर. रजिस्टर केलं.

मंगळ., १०
पाकीट परत आलं. पोस्टमन बिचारा घाम पुसत, "मॅडम, घरी न्हेलं की. सर सोता आलं दारात. नाव वाचलं, म्हनलं हितं असं कुनी ऱ्हात न्हाय."

स्वतःच्या दारात उभं राहून स्वतःलाच ओळखलं नाही. की अक्षर माझं ओळखलं? दोन्ही चालेल. पण अम्माच्या ओळीचं काय? ती अजून तशीच फिरतेय.

रवि., १५
मंडळाच्या कार्यवाहांचा फोन. गुरुवारी पाडव्याला चि.चा सत्कार. "शाल-नारळ तुमच्या हस्ते, रझियाबाई. तुम्ही ज्येष्ठ सभासद. सलोखाही दिसेल."

लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की त्यांनाच शंका आली.

सलीमला सांगितलं. "आपा, व्हय कशाला म्हनलीस? ज्यानं अम्माचं हसं केलं त्याला तू शाल घालनार?"

"तू ये. पहिल्या रांगेत बस. कांदेवाल्यालाही आण."

सोम., १६
हे आज हातोहात चि.च्या घरी पोचवलं. नक्कल इथे:

श्री. चिटणीस,
या वेळी नाव जसंच्या तसं लिहिलं आहे, ओळखाल.

माझ्या आईचे तीन शब्द तुमच्याकडे आहेत. दार, जरा, हवा. ते पुढच्या अंकात, तिच्या नावासह, तिने उच्चारले तसे छापून परत करावेत. खाली तुमची माफी. 'माफी' शब्द अरबी आहे. 'क्षमा' चालणार नाही.

गुरुवारी शाल माझ्या हातात असणार आहे. तुमचं उत्तर आलेलं नसेल, तर 'शाल हा शब्द फारसी आहे, सरांना चालत नाही' असं माइकवर सांगून मी ती घडीसकट घरी नेईन.

नारळ तेवढा देईन.

उत्तर लेखी हवं. बुधवार, १८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.

रझिया