लाल घंटीचे सेल

तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर
ता. ९ जानेवारी २००२

चिरंजीव सोहेबला दादीचा सलाम आणि पुष्कळ दुवा.

तुला एक दादी आहे, हे आठवतं का? नसेल तर ओळख सांगते. बुटकी, पुढचे दोन दात शिल्लक, आणि जिच्या पाठीवर बसून तू सगळं तळेगाव फुकटात बघितलंस, ती. चार महिने झाले तुला इकडे फिरकून. मला वाटलं दौंडचा रस्ता वाहून गेला असेल, म्हणून जीपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, रस्ता हाय तिथंच हाय, आज्जे.

फोन केला असता. पण एसटीडीवाला डोळे आकड्यांवर ठेवतो आणि कान माझ्याकडे. शिवाय तू "हो दादी, बरं दादी" म्हणून दोन मिनिटांत फोन आईच्या हातात देतोस. पत्राला तसं करता येत नाही.

लिहायला गिताबाई बसल्या आहेत. तुझ्या बालवाडीच्या बाई. तू त्यांना विसरला असशील, तुझा डावा कान विसरलेला नसेल. मी सांगते एक आणि त्या लिहितात शुद्ध. मी म्हटलं, बाई, पोराला वाटेल म्हातारी शाळेत जायला लागली. तर म्हणाल्या, "तुम्ही बोला. मला शिकवू नका."

इकडे थंडी चांगली आहे. आबांच्या खांद्याचा पट्टा निघाला, आता हात नुसता झोळीत असतो. जेवण बरं आहे. झोपही बरी आहे. तोंडातून शब्द नाही, तो दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून नाहीच. शेजारच्या रंभाच्या सुनेला मुलगी झाली. रंभा पेढे वाटताना चेहरा असा करत होती, जसे काही कारल्याचे पेढे आहेत. मी दोन जास्तीचे मागून घेतले. मागच्या महिन्यात न्हावऱ्याची एक बाई पितळेची पाच भांडी घेऊन आली, कल्हईला. तिला सांगितलं, भट्टी बंद आहे बाई, कारागीर बाजेवर आहे. तिनं भांडी परत बांधली. आबा ती जाईपर्यंत दाराकडे बघत होते.

आता कामाचं बोलते. रजियाचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. म्हणाली, वरवंडचे मारुतराव दोनदा घरी येऊन गेले. त्यांच्या विठाबाईंनाही आबांसारखाच लकवा मारलाय. तू आबांसाठी ती दिव्याची पाटी आणि हाताचं मशीन केलंस, ते त्यांना कुठून तरी कळलं. आणि तू त्यांना म्हणालास, "माझ्या मशीननं माझ्याच आबांचा खांदा निखळला, काका. मला विचारू नका." पुण्याच्या प्रदर्शनाचा फॉर्मही फाडलास म्हणे. कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट करून येतोस, भिंतीकडे तोंड करून पडतोस. मशीन जिन्याखाली पोत्यात गुंडाळलंय.

हे बघ सोहेब, लोखंड आहे, कधी सरकतं. तुझा काय दोष? व्हायचं होतं ते झालं. वरवंडच्या बाईंचं काम करून टाक आणि डोक्यातून काढ. बाकी सगळं ठीक.

थांब, गिताबाई वाचून दाखवतात म्हणे.


ता. ११ जानेवारी

सोहेब,

वरचा कागद गिताबाई फाडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं राहू दे. दादी किती गोड बोलते ते पोराला कळू दे.

त्या दिवशी बाईंनी तो मोठ्यानं वाचला. आबा बाजेवर होते. "लोखंड आहे, कधी सरकतं" इथपर्यंत आल्या आणि आबा चांगल्या हातानं बाजेच्या लाकडावर थापा मारायला लागले. मी म्हटलं, पाणी हवं असेल. पाणी दिलं, त्यांनी तोंड मिटून घेतलं.

बाई म्हणाल्या, "यांना काहीतरी बोलायचंय. सोहेबनं केलेली ती पाटी कुठाय?"

"बिघडली ती."

"बघू तरी."

मी उठलेच नाही, तर ही बाई स्वतः ट्रंकेवर चढली आणि फळीवरून पाटी काढली. पुसली. मला विचारलं ही चालते कशी. तूच केलेलं तुला काय सांगू, पण मी बाईंना सांगत होते आणि मागून त्यांनी ते लिहूनही घेतलं, तर असू दे. उरुसातला किल्लीच्या कडीचा लाल दिवा आबांच्या चष्म्याच्या काडीला बांधलेला. पाटीवर सहा चौकोन, पाणी, चहा, संडास, दुखतंय, हो आणि नको. अक्षरं नाहीत, चित्रं आणि रंग, कारण वाचणारी मी. प्रत्येक चौकोनात वाटाण्याएवढा काचेचा डोळा. आबांनी मान हलवून दिवा त्या डोळ्यात पाडला की घंटी वाजते. हिरव्या 'हो'ची गोड. लाल 'नको'ची अशी की रंभाची शेळी दावं तोडून पळायची.

बाईंनी पाटी उलटी केली. सेलची डबी रिकामी.

"बिघडली कुठाय? सेलच न्हाईत हिच्यात. कुठं गेले?"

मी पदराचं टोक बघत बसले. बाईंनी पिशवीतून आपली बॅटरी काढली, तिचे सेल पाटीत घातले, चष्मा आबांच्या नाकावर ठेवला आणि विचारलं, "आबा, हे पत्र असंच पाठवू?"

लाल.

"सोहेबची चूक झाली?"

लाल.

"मग मशीनची?"

लाल. रंभा भिंतीवरून डोकावली, काय झालं म्हणून. बाईंनी चौथा प्रश्न आबांना विचारला नाही. माझ्याकडे बघितलं.

म्हणून आता सांगते. बाईंसमोर सांगायचं म्हणजे अर्ध्या गावासमोर सांगायचं, हे मला माहीत आहे. "मी कुणाला सांगणार नाही," असं त्या म्हणतात. मी म्हटलं, सांगा. अक्षर तुमचं, पाप माझं.

तू मशीन आणलंस तेव्हा मला सगळं समजावून दिलं होतंस. आपल्याच भात्याचं जुनं चाक, त्याला दोन मुठी. आबांनी डाव्या हातानं फिरवायचं, उजवा हात चामड्याच्या पट्ट्यात, तो डाव्याच्या मागं मागं येणार. सकाळी वीस फेरे, संध्याकाळी वीस. हळू. आणि पाटी समोर ठेवायची. "दादी, लाल वाजलं की थांबायचं. विचारायचं नाही, थांबायचं." हे तू तीनदा म्हणालास. मी म्हटलं, मला एकदाच सांगितलेलं कळतं.

पहिले पंधरा दिवस तसंच केलं. आबांचा अंगठा थोडा हलला. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू ओरडलास, मीही ओरडले, एसटीडीवाल्यानं पैसेही घेतले नाहीत.

मग मला हाव सुटली. वीस फेऱ्यांना अंगठा हलला, तर शंभराला हात हलेल, असा माझा हिशोब. चाळीस वर्षं मी भाता फिरवला आहे सोहेब. भाता थांबला की विस्तव बसतो, भांड्यातलं कथील गोळा होतं, सगळं काम पहिल्यापासून. त्यामुळे मधेच थांबणं माझ्या हाताला माहीतच नाही. दुखलं म्हणजे लागू पडलं, एवढंच माहीत. आबा विसावर थकले की त्यांच्या मुठीवर मी माझा हात ठेवायची आणि पुढचे फिरवायची.

ते लाल वाजवायचे. मी म्हणायची, थोडं राहिलंय. ते पुन्हा वाजवायचे. रंभा विचारायची, "आबांची घंटी कशाला ओरडतीय गं?" मला लाज वाटायची. एका सकाळी मी पाटीतले सेल काढले आणि रेडिओत घातले. तू फोनवर विचारलंस पाटी कशी चाललीय, तर म्हटलं, आबांना तिचा कंटाळा आलाय.

त्यानंतर घंटी नाही. आबा मान हलवायचे, दिवा लाल चौकोनात पडायचा, तिथंच थरथरायचा. तो मला दिसायचा. मी चाकाकडे बघायची.

अजून एक आहे. बाई, पेन खाली ठेवू नका. लिहा.

भट्टीवर मी थकायची तेव्हा हे मला म्हणायचे, "फिरव गं, थांबू नको." दिवसातून दहा वेळा. पोटात तुझा बाप होता, सातवा महिना, तेव्हाही म्हणाले. मी उलटून कधी बोलले नाही. तर त्या सेल काढलेल्या दिवसांत, एका संध्याकाळी, मी त्यांच्याच आवाजात त्यांना म्हटलं, "फिरवा हो, थांबू नका." आणि मला हसू आलं. चांगलं वाटलं. यांना बोलता येत नाही हे मला माहीत होतं, आणि तेच चांगलं वाटलं.

तिसऱ्या दिवशी खांदा निखळला. आवाज आला, ओला हरभरा सोलल्यासारखा.

पुढचं तुला माहीत आहे, निरोप मिळताच तू दौंडहून दवाखान्यात आलास. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. मी म्हटलं, "नातवानं मशीन केलंय, त्यानं." डॉक्टर तुला चारचौघांत बोलले, घरात कसली खेळणी करता, माणसाच्या अंगावर प्रयोग करता. तू हात जोडून उभा होतास. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी मनाशी म्हटलं, आता बोलावं, आणि तेवढ्यात डॉक्टर आत गेले. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे ते बराच वेळ उभे होते.

तू मशीन जीपच्या टपावर चढवलंस तेव्हा मी दोरीचं टोक धरलं होतं. गाठ पक्की मार, असंही म्हणाले.

काल गिताबाईंना घेऊन शिरूरला गेले. नंबर लावला. आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं की मशीन चांगलं होतं, वीस सांगितलेले मी शंभर फिरवले, आणि घंटी मी बंद केली. ते म्हणाले, "आज्जी, चार महिन्यांपूर्वीचं आता काय त्याचं." मी म्हटलं, तुमचं काही नाही, पण माझ्या नातवाला बोललात ते तुम्ही परत घ्या. ते हसले. पण आबांना आता हलका व्यायाम चालेल का, विचारलं, तर हो म्हणाले, आणि मशीन एकदा दाखवायला आणा म्हणाले. मी सांगते म्हणून नको, त्यांनी बोलावलंय म्हणून आण.

आणि वरवंडला जा. विठाबाईंना नाही म्हणू नकोस. तुझ्या हातानं कुणाचा हात गेलेला नाही. फक्त माझं एक ऐक, भाता फिरवणारीचं. लाल वाजलं की थांबायचं, हे फिरवणाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नकोस. घंटीची तार चाकापर्यंत ने. तिकडे लाल वाजलं की इकडे चाक अडकलंच पाहिजे. आणि सेलची डबी अशी कर की ती उघडली तर चाक फिरूच नये. तुला वाटलं असेल, घरचंच माणूस फिरवणार, तिथं कशाला कुलूप. घरच्याच माणसासाठी लाव. मायेचं माणूस थांबत नाही.

मशीनवर तुझं नाव घाल, प्रदर्शनात ने. कुणी विचारलं ही अडकण का लावली, तर माझं नाव सांग. लपवू नकोस.

आबांना मी काल संध्याकाळी विचारलं, सोहेबला बोलवू का. हिरवा वाजला, दोनदा. मग विचारलं, माझ्यावर राग आहे का. दिवा पाटीवर आलाच नाही. भिंतीवर खुंटीपाशी राहिला, बराच वेळ. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नाही, थांबायचं. एवढं तरी शिकले.

तू काय ते ठरव. आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. आबांशी बोल.

तुझ्यासमोर मान वर करायची हिंमत नसलेली
तुझी दादी
(डाव्या हाताचा अंगठा. दस्तुर गिताबाई.)

ता. क. आबांना विचारलं, दौंडहून काय मागवू. नानकटाई म्हटलं, लाल. बर्फी म्हटलं, लाल. खारी म्हटल्यावर हिरवा वाजला. तर स्टेशनजवळच्या बेकरीतली खारी पाठव, चहात बुडवून भरवता येते. पिशवीत चुरा होतो, पत्र्याच्या डब्यात घाल. एकट्यापुरतीच पाठव, माझ्या वाटणीची घालू नकोस.