आधी मेन बंद

मी, जुन्या रेडिओंचा मिस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकदपटशाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वकील म्हणाले, ‘निर्भय मनाने’ असं घाला. ते खोटं ठरेल. मी घाबरलेलो आहे आणि घाबरूनच लिहीत आहे.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. त्यावर कोणी तोंड उघडू नये.

दुकान, हत्यारं व सर्व सेट लेकीचे. तिचं सोल्डरिंग माझ्याहून सुबक आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे वाचावं. अट एवढीच की वायरिंग बदलताना भुगा झालेली रबरी वायर सेटमध्ये एक वीतभरही ठेवू नये. प्लग काढला म्हणजे सेट मेला, असंही समजू नये. कंडेन्सरमध्ये करंट दबा धरून बसलेला असतो. तो आधी उतरवावा, मगच आत हात घालावा. तोही एकच, दुसरा खिशात, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही.

मेहुण्याला काहीही देऊ नये. मी गेल्यावर आठवण म्हणून दुकानातले सगळे सेट एकदम लावायचे, असं त्याने चारचौघांत जाहीर केलं आहे. प्रेमानेच बोलला, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. खिडकीजवळच्या शिसवी सेटला ट्रान्सफॉर्मर नाही. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की त्याच्या आतल्या अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो, आणि गाणं मात्र तसंच गोड वाजत राहतं. मागचं झाकण मेहुण्याने ‘आतले दिवे छान दिसतात’ म्हणून काढलं आणि हरवलं. लेक त्या सेटला वेगळा ट्रान्सफॉर्मर लावेपर्यंत तो कोणीही लावू नये.

आता भीतीचं कारण. शुगरमुळे माझे हात बधिर झाले आहेत. पूर्वी पत्र्याला हाताची मागची बाजू टेकवली की मुंग्या यायच्या, कळायचं. परवा याच सेटच्या पत्र्यावर हात ठेवून मी चहा पीत बसलो होतो. लेकीने टेस्टर लावला, तो पेटला. ती पांढरीफटक पडली आणि तिने माझा दंड धरून मला ओढलं. दोघंही रबरी चटईवर होतो म्हणून निभावलं. मला शॉकची नाही, तिच्या त्या हाताची धास्ती बसली आहे.

काल तिला समोर बसवून सांगितलं, “मी सेटला चिकटलेला दिसलो तर मला शिवायचं नाही. आधी मेन बंद.”

“बरं.”

“मी डोळ्यांदेखत मरत असलो तरी.”

“बाबा, मेन दाराशी आहे. तुम्हाला तसं सोडून मी दाराकडे पळू?”

“पळायचं.”

ती रडायलाच लागली. म्हणाली, “नाही जमायचं मला. उगाच खोटं कशाला बोलू?”

मी रागावलो, ओरडलो. तिने काही वचन दिलं नाही.

म्हणून शेवटचं कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. आजपासून मी एकही सेट उघडणार नाही. किल्ल्या आताच तिच्या हातात देत आहे. बाकीची कलमं सावकाश लागू झाली तरी चालतील.

साक्षीदार :
१. शेजारचे शिंपी (सही)
२. समोरचे औषधवाले (सही)
मेहुणा साक्षीला आला होता. त्याला बाहेर बसवलं आहे.

लिहून ठेवणार : मिस्त्री (सही)
दिनांक : नऊ मार्च
स्थळ : माझं, म्हणजे लेकीचं दुकान