गिरणीतल्या बाया ओठ वाचायच्या

अक्षताताईस,

मँचेस्टरहून सुमेधचा जय भीम. मी मजेत आहे. दोन्ही टाइम भात खाऊन राह्यलो, आईला तेवढं सांग. तिचा गुडघा कसाय?

मी जिथं कँटीनला आहे ना, ते जुन्या कापडगिरणीचं म्युझियम आहे. बंद पडलेली गिरणी बघायला लोक तिकीट काढून येतात! दुपारी माग चालू करून दाखवतात, मंग शेजारच्याचं बोलणंबी ऐकू येत न्हाई. पहिले इथं कामाला असलेल्या बाया म्हणे एकमेकींचे ओठ बघूनच बोलणं ओळखायच्या. इथली म्हातारी गाईड ते करून दाखवते. मी बराबर शिकलो तिच्याकडून.

तिथंच घोळ झाला. तू प्रियाच्या हळदीचा व्हिडिओ पाठवला, त्यात डीजेपुढं आकांक्षा त्या कापसाच्या जिनिंगवाल्या हरिओमशी बोलली. चाळीसदा पाह्यला मी. ती म्हणाली, "घरी सोडतो का?" त्याच्या बुलेटवर? त्याला धड वळवता तरी येते का ती?

तिच्या पप्पाला कमावता जावई पाहिजे, म्हणून मी कॉलेज अर्ध्यात सोडून इथं आलो. अन् ती फोन उचलत न्हाई. मागच्या फोनवर मी लई ओरडलो तिच्यावर, मान्य आहे.

ताई, तिला एकदा मोबाईलसमोर उभी कर अन् व्हिडिओ काढ. बोलायचं नसंल तर राहू दे, आवाज न काढता नुसतं माझं नाव घे म्हणावं. मला कळंल.

न्हाई घेतलं, तर तो व्हिडिओ पाठवू नको.

तुझा तापट भाऊ,
सुमेध