समुद्राच्या तळाशी ओढलेली वायर

प्रिय ठिणगे,

ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत आणि दुकानही जागच्या जागी आहे. फोन केला की तुझं ‘बाबा, कामात आहे, नंतर बोलते’ एवढंच येतं आणि ते ‘नंतर’ काही उगवत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही. तू आपल्या कॉम्प्युटरवरच्या त्या समुद्राच्या खेळात यायची बंद झालीस त्यालाही कितीतरी रविवार उलटले. आपलं भांडण झालं, कबूल. पण भांडण समुद्राच्या तळाशी आणि अबोला जमिनीवर, हा कुठला न्याय?

मी मात्र दुकान बंद केलं की रोज पाण्यात उतरतो आणि रोज वैतागून वर येतो. हा खेळ माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिलास तेव्हा काय म्हणाली होतीस? बाबा, तुमच्याच धंद्यातलं आहे, वायरी, बॅटऱ्या, पंप, डोळे मिटून जमेल. कसलं डोंबलाचं जमतंय! आयुष्यभर मी मोटारींना तांबं गुंडाळलं. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारता मारता वाइंडिंग शिकलो, स्वतःचं दुकान टाकलं, आणि आता या वयात खेळातल्या भिंतीवरचा, वस्तू बनवून देणारा एक डबा मला सांगतो, तांब्याचा गोळा आण, आंबट शेवाळाच्या दोन मुठी आण, की घे बॅटरी. ना कवच, ना झाकण. असली बॅटरी कोणी दुकानात आणली असती तर मी चिमट्याने धरून बाहेर ठेवली असती. बरं, टिकते तरी? एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाईपर्यंत टॉर्च पिवळी पडते. मग अंधारात मी, माझा संपत आलेला श्वास आणि कुठेतरी घुमणारं ते लांब शेपटीचं धूड. परवा वीज वाचवायची म्हणून टॉर्च बंद करून पोहलो आणि सरळ खडकावर आपटून मेलो. तुझी आई मागे चहा घेऊन उभी होती. म्हणाली, कमाल आहे, या माणसाला समुद्रातही बिलाची धास्ती.

तिचं काय जातंय बोलायला! चार्जर करायचा तर वायर लागते, वायरला तांबं, तांबं आहे त्या चावऱ्या माशांच्या वस्तीत. तिथे जायचं तर पायाला पोहायचे पंख हवेत, पंखांना रबर, रबराला त्या वेलीच्या बिया आणि बिया कापायला सुरी. चार्जर आणायला बाहेर पडलेला माणूस हातात सुरी आणि पोटात भूक घेऊन परत येतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला असं गोल गोल फिरवलं असतं तर त्याने माझ्या डोक्यात मोटार घातली असती.

तू होतीस तोवर या वैतागाचीही मजा होती. आठवतं, मी पहिलं घर खोल कपारीत बांधलं, शांत जागा म्हणून, आणि छपरावर झोकात सौर पट्ट्या बसवल्या? तू इतकी हसलीस की हेडफोन माझ्या कानात फुटायचा बाकी होता. बाबा, तिथे ऊन कुठून येणार? मग तूच मला गरम पाण्याचा झरा दाखवलास, त्यावर बसतं ते जनित्र करायला शिकवलंस, आणि माझा कारखाना उभा राहिला. तू तिकडे, मी इकडे, दोघांच्या कानात एकच समुद्र. मी तांब्याच्या नादात खाली खाली गेलो की तू ओरडायचीस, बाबा, श्वास बघा, श्वास! लहानपणी तुला मी रस्ता ओलांडताना ओरडायचो ना, अगदी तसंच.

पुढे एका रविवारी तू म्हणालीस, लाल गवताच्या पलीकडे मी माझं काहीतरी बांधतेय, बघायला यायचं नाही. यायचं नाही म्हटल्यावर मी गेलोच. एक खोली. एक पलंग, एक खुर्ची, काचेच्या टाकीत एक मासा. वर खडकावर एवढीशी सौर पट्टी आणि आत दिवा असा की असून नसल्यासारखा. खेळातल्याच तुझ्या आधीच्या मोठ्या घरात तू दोन खुर्च्या केल्या होत्यास आणि एका कपाटावर जावईबापूंचं नाव लिहिलं होतंस, ते कधी खेळत नसले तरी. इथे कपाट होतं, त्यावर नाव नव्हतं. मी आलो तसा परत फिरलो. पण तो मिणमिणता दिवा माझ्या डोक्यातून जाईना. मोटार वाइंडरची मुलगी आणि असल्या उजेडात बसते?

मग मी वायर ओढली. झऱ्यापासून तुझ्या दारापर्यंत खांबामागून खांब, जमवलेलं सगळं तांबं त्यात घातलं. ते धूड दोनदा अंगावर आलं, तरी मागे फिरलो नाही. वाटलं, पोरगी दार उघडेल आणि लख्ख उजेड बघून नाचेल. तुला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. वायर जोडली आणि खुशीत कारखान्यात येऊन सगळ्या बॅटऱ्या चार्जरला लावल्या, पाणबुडी लावली, पाण्याचं यंत्र सुरू केलं आणि तांबं शोधायला निघून गेलो.

एकदा वायर जुळली की दोन्ही घरांची वीज एकच होते, हे या खेळाने कुठे लिहून ठेवलंय? माझ्या लोडने झऱ्याची वीज खाल्ली आणि तेवढ्यावर भागेना म्हणून तुझ्या पट्टीने दिवसभर थेंब थेंब जमवलेलीही ओढून घेतली. तू गुहेतून शेवटच्या श्वासावर दारापर्यंत आलीस, आत शिरलीस, आणि वीज नाही म्हणून आत हवाच नव्हती. स्वतःच्या घरात बुडालीस. मग माझ्या कानात तुझा आवाज आला, ओरडणारा नव्हे, हळू. मला न विचारता का जोडलंत? छोटं होतं बाबा, पण माझं मला पुरत होतं. आणि खट्ट झालं. मी तेव्हा आईला म्हणालो, खेळावरून एवढा राग? आई म्हणाली, खेळावरून नसेल. आणि कप उचलून आत गेली.

या आईचं एक मला कळत नाही. पूर्वी विचारायची, दोघं नीट जेवतात ना? हल्ली विचारते, ती नीट जेवते ना? तिला मी काहीच सांगितलेलं नाही.

आता माझ्या कानांबद्दल. तू लहान असताना माझ्या मांडीवर बसून बघायचीस, मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला लावायचो, मूठ कानाला, आणि न उघडता सांगायचो, बेअरिंग गेलंय. हे कान मला दुकानातच काढून ठेवता येत नाहीत. सुरुवातीच्या रविवारी हेडफोनमधून तुझ्या मागे फ्रिज थरथरताना ऐकू यायचा, त्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकव असं मीच सांगितलं होतं. जावईबापू इस्त्री करताना बेसूर शीळ घालायचे. खाली लिफ्टचं दार आपटायचं. पुढे शीळ थांबली. मग एका रविवारी फ्रिजही नाही, लिफ्टही नाही. त्याऐवजी पाण्याचा पंप, सुरू होतो आणि लगेच बंद पडतो, त्याचा प्रेशर स्विच बिघडलाय. जिन्यावर कोणाकोणाच्या चपला, ओळीने उघडमीट करणारी दारं, आणि तुझ्या अगदी जवळ एक टेबल फॅन, मान वळवताना दर वेळी टक्‌ करणारा. मी विचारलं, जावईबापू कुठायत? म्हणालीस, झोपलेत. अगं, जावई झोपले म्हणून फ्रिजसुद्धा झोपतो का?

तेव्हा विचारलं नाही आणि आत्ताही विचारत नाही. काय झालं, कोणाचं चुकलं, त्यांनी दार लावलं की तू उघडून निघालीस, हे सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे. मला चीड येते ती निराळ्याच गोष्टीची. गिऱ्हाइकांच्या मोटारींचं पोटातलं दुखणं मी रस्त्यावरून ओळखतो, आणि माझी पोरगी एकटी खोली घेऊन राहते तर मला तिच्या दारात कारखाना नेऊन जोडायचंच सुचतं.

तर ऐक. समुद्रातली वायर मी काढली. सगळे खांब उपटले. तुझी पट्टी पुन्हा तिची ती चालते, दिवा पुन्हा मिणमिणतोय, बाहेरूनच बघितला, आत गेलो नाही. एक भरलेली बॅटरी दाराबाहेरच्या पेटीत ठेवलीय, घ्यायचीच असं नाही.

आणि हे पत्र लिहायचं खरं कारण असं की दुकानावरची खोली मी रिकामी केली. जुनी वाइंडिंगची यंत्रं खाली आणली, भिंतींना रंग दिला. मग सवयीने पक्कड घेऊन दुकानाच्या बोर्डावरून वर वायर न्यायला निघालो. जिन्याच्या मध्यावर थांबलो. खाली आलो आणि वरच्या खोलीसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज केला. मीटर बसवायला आलेला वायरमन ओळखीचा, मला हसला. स्वतःच्याच इमारतीत दुसरं मीटर कशाला, काका? मी म्हटलं, तू बसव. ते तुझ्या नावावर आहे. जिनाही बाहेरून आहे, दुकानातून जावं लागत नाही. किल्ली या पाकिटात आहे. आलीस तर बिल तुझं तू भर, मी बघायलाही येणार नाही. नाही आलीस तरी हरकत नाही. बंद मीटर काही खात नाही.

तोवर त्या टेबल फॅनची मागची जाळी काढ आणि मान वळते त्या जागी तेलाचे दोन थेंब सोड. टक्‌ थांबेल.

रविवारी मी पाण्यात असेन, लाल गवताच्या अलीकडेच. टॉर्च चालू ठेवीन.

तुझाच, वैतागलेला,
बाबा