सांबरशिंगाची पट्टी आणि सोमारीचे घर

मी, दादाजी पोचू मोहुर्ले, वय बासष्ट, जंगल खात्याच्या आलापल्ली डेपोतला निवृत्त कारकून, राहणार सावली, जिल्हा चांदा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि कोणी दटावून किंवा फूस लावून हे लिहवून घेतलेले नाही. येत्या गुरुवारी पोटाच्या ऑपरेशनसाठी मला नागपूरला नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हे ते पुन्हा पुन्हा म्हणाले, म्हणून आजच लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी रुखमाबाई पूर्वीच वारली. एकुलता मुलगा नीळकंठ, बल्लारशा स्टेशनावर पार्सलबाबू होता, तो मागच्या वर्षी तापाने गेला. त्याची पत्नी सोमारी, आलापल्लीकडच्या कोलू मडावी यांची मुलगी, माझ्याजवळ राहते. त्यांना मूलबाळ नाही. मला जी काळजी आहे ती तिचीच आहे.

२. सावलीतले दोन खोल्यांचे कवेलूचे, म्हणजे कौलारू, घर मी माझ्या पगारातून बांधले. ते, परसातल्या विहिरीसह, सोमारीला द्यावे. तिने पाट लावला, म्हणजे दुसरा घरोबा केला, तरी ते तिचेच. ती काही दिवस माहेरी गेली तर घर सोडून गेली असे कोणी समजू नये. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

३. वडिलोपार्जित धानाच्या बांधीतला माझा हिस्सा पुतण्या सुकलू याला द्यावा. बैलबंडीही त्यालाच द्यावी. ही तीच बंडी, जिच्यातून नीळकंठच्या अस्थी नदीवर नेल्या. गेलेल्या माणसाची आवडती वस्तू अस्थींबरोबर नदीत सोडायची, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. म्हणून सुकलूने नीळकंठची गिटार या बंडीत घातली होती. बदली होऊन जाणाऱ्या एका गार्डसाहेबाने ती नीळकंठला दिली होती. वैनगंगेच्या काठावर सोमारीने ती बंडीतून उतरवून घेतली.

सुकलू मला म्हणाला, "काकाजी, सुनेले सांगा. त्याचं त्याले जाऊ द्या."

सोमारी म्हणाली, "त्याची एकट्याची नाई ते. मले शिकवून राह्यला होता. अर्धी माही हाये."

मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पण तोवर ओढाताण झाली होती. तारा ढिल्या पडल्या आणि त्या जिच्यावर टेकतात ती, घोडीच्या खाचेतली हाडाची पट्टी निसटून रेतीत पडली. पुष्कळ शोधली, सापडली नाही. तेव्हापासून गिटार मुकी आहे. सुकलू येता-जाता म्हणतो, "वाजत नाई त घरात काऊन ठेवता? नदीत सोडा, अन् सुनेले तिच्या बापाकडे पोचवा." तो दोन्ही गोष्टी नेहमी एका दमात बोलतो. माझ्यामागे त्या एका दिवसातच होतील, ही मला भीती आहे.

४. म्हणून गिटार सोमारीला देतो, आणि ती वाजती करून देण्याची खटपट केली आहे ती लिहितो, म्हणजे पुढे कोणी बिघडवणार नाही. गिटारच्या दांडीवरची फळी, जिच्यावर पितळी पडदे बसवले आहेत, ती सपाट नाही. मधे किंचित उंच, दोन्ही कडांना उतरती आहे. घोडीतल्या पट्टीची वरची गोलाईही तिच्याशी जुळली पाहिजे. मी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून पडद्यावर आडवा धरला आणि खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासला. मग त्यावरून सांबराच्या गळलेल्या शिंगाची पट्टी घडवली. खाचेत बसावी म्हणून जाडी कमी करायला ती गावातले सुतार इसरू वाढई यांच्याकडे दिली. इसरूभाऊंनी तिची वरची बाजू सुतात सरळ करून आणली.

"भाऊ, तुमच्या पट्टीले पोक आलं होतं," ते म्हणाले. "मी काढून टाकलो. त्याचे पैसे नाई घेत."

बसवून पाहिली तर मधल्या तारा पडद्यांना लागून नुसत्या झणझणत होत्या. मी त्यांच्याशी पंधरवडाभर बोललो नाही. ते मात्र रोज येऊन चहा पीत होते.

५. दुसरी पट्टी मी घरीच केली. ती आज बसवली आहे. माझ्या कानशी, लहान करवत आणि तो पत्रा सोमारीला द्यावा. पत्रा भंगारात जाऊ नये. रंदा इसरूभाऊंना द्यावा, कारण त्यांचा बोथट आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वारलू निकुरे मास्तर यांनी करावी. सुकलूने हरकत घेतल्यास कलम तीन त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

७. सही करण्याआधी साक्षीदारांसमोर सोमारीने तारा छेडल्या. झणझण गेली आहे. पण पट्टी मी उंच ठेवली आहे, त्यामुळे तारा दाबताना बोटांना लागतात.

"मामाजी, जराशी उतरवा ना," ती म्हणाली.

मी सांगितले की उतरवायची तर खालून. वरची गोलाई आहे तशीच राहू द्यायची. खालची बाजू मात्र अगदी सपाट हवी.

इसरूभाऊ म्हणाले, "मंग ते माहं काम हाये. सरळ मले जमते."

ते खरे आहे. म्हणून लिहितो की खालची बाजू इसरूभाऊंनी घासावी आणि त्या वेळी पट्टी सोमारीच्या हातात असावी. वरच्या बाजूला त्यांनी बोटही लावू नये. किती उतरवायची ते सोमारीने तार दाबून ठरवावे. ते आताच करू असे मी म्हटले, तर सोमारीने गिटार उचलून आत नेली.

"तुमी नागपूरवरून या," ती म्हणाली. "मंग घासू. तोवर राहू द्या उंच."

ती आत आहे तोवर इथे लिहितो. मी परत आलो नाही तर तिने माझी वाट पाहत तारा उंच ठेवू नयेत.

वरील सर्व वाचून, समजून, दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

दादाजी पोचू मोहुर्ले

साक्षीदार:
वारलू निकुरे, शाळामास्तर, सावली
इसरू वाढई, सावली (कलम चार व सात वाचून दाखवले, कबूल)

ठिकाण सावली, सोमवार, दिनांक २१ जानेवारी १९५७