पूर्वजांच्या गावची महागाई

सेंट पॉल, १४ एप्रिल

माझा धाकटा भाऊ वा मेंग यास ताईचा आशीर्वाद.

आधी चष्मा शोध. कपाळावर बघ, तिथेच असतो. मागच्या पत्राला उत्तर द्यायला विसरलास, की विसरल्याचं सोंग केलंस, ते नंतर बघू.

इकडे अजून बर्फ आहे. माझा गुडघा तुझ्यासारखाच, सांगितलेलं ऐकत नाही. पत्र गाओनू लिहितेय. हो, तीच, माझी नात, जिला तू तुझ्या बायकोच्या, यूआच्या मयतीत सगळ्यांसमोर बाहेर काढलंस. अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

पोरगी अकरावीत, पण कॉलेजचं अर्थशास्त्र शाळेतच शिकते. अख्ख्या देशाचं. मे महिन्यात परीक्षा. मी कोथिंबीर निवडायला बसले की समोर बसून कागदावर दोन रेघांची फुली काढायची. "आजी, हा बघ देश." मी म्हणायची, "एवढासाच? मग चालवायला इतकी माणसं कशाला?" नोटा भरमसाट छापल्या आणि माल तेवढाच राहिला की भाव चढतात, हे मला तिनंच शिकवलं.

फ्रेझ्नोहून, तुझ्याकडून परतल्यापासून फुल्या बंद. "आज देशाचं काय झालं गं?" विचारलं तर, "काही नाही, आजी." पुस्तक घेऊन खोलीत जाते. कोथिंबीर मी एकटीच निवडते.

तर त्या दिवशीचं. आम्ही बायका यूआला पूर्वजांच्या गावी जायच्या वाटेखर्चासाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या होड्या, म्हणजे तिकडचा पैसा, दुमडत होतो. पोती भरली. गाओनू माझ्या कानाशी लागली, "आजी, सगळेच एवढा पैसा पाठवतात, तर तिकडे महागाई किती झाली असेल? यूआआजीला पुरेल ना?" चेष्टा नव्हती रे. तिला खरंच काळजी वाटली.

मग कोणीतरी हसलं. मोठ्यानं. तू पोरीवर कडाडलास, "शिकून शिंगं फुटली का? चालती हो! पुढच्या वर्षी तिचा आत्मा मोकळा करायचा विधी करू, तेव्हाही इथे पाऊल टाकू नकोस!"

हसले मी होते.

यूआ डोळ्यांसमोर उभी राहिली. पूर्वजांच्या बाजारात, कमरेवर हात, वांगीवाल्याला झापतेय, "काल तर अर्ध्यात देत होतास!" मला आवरेना. डोक्याचं फडकं तोंडात कोंबलं, खांदे हलत राहिले. तुझ्या सुना पाठ चोळत म्हणाल्या, "रडू नका हो, आत्या." मी त्यांना तसंच वाटू दिलं. पोरीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं उठून गेली. बाहेर थंडीत कोटाशिवाय बसली होती. मी तिचा कोटसुद्धा नेऊन दिला नाही. हसरं तोंड उघडं पडलं असतं ना माझं.

आत्ता पेन थांबवून म्हणते, "आजी, हे नको. आजोबा तुझ्यावर चिडतील." म्हटलं, "चिडू दे. लिही." बघ, माफीसुद्धा तिच्याच हातानं मागतेय. खाली अंगठा तेवढा माझा.

मला बोलावू नकोस हवं तर. तिला बोलाव.

यूआनं आंबवलेल्या मोहरीच्या पानांची एखादी बरणी उरली असेल, तर पाठव. झाकण घट्ट लाव, विसरशील. वर नाव गाओनूचं घाल, माझं नको. तिनं दिली तर खाईन.

तुझी ताई