पाचव्या खेपेची बॅग

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच, कारण जवळून केला की तुमच्या हातात फूटपट्टी असते.)

तुमची पाठ कशी आहे? मशीनवर वाकून बसू नका असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तुम्ही त्यांचीच पँट वाकून शिवत होता, असं ताई सांगत होती. ताईचा खोकला थांबला असेल, थांबला नसेल तर तिला बोलणं कमी करायला सांगा (मी सांगितलं म्हणून सांगू नका). मी ठीक आहे. वजन दोन किलोने वाढलंय. अक्कल किती वाढली ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा. फोनवर हे सांगणार होतो, पण फोनवर तुम्ही दोनदा 'हं हं' करता आणि ताईकडे देता, म्हणून कागदावर धरून ठेवलंय.

आता बसा. उभ्याने वाचू नका, आणि तोंडात टाचण्या असतील तर आधी काढून ठेवा. भाऊजी, मी हँडबॅग शिवली. मीच, तुमचा मेहुणा, ज्याला तुम्ही अकराव्या दिवशी दुकानातून काढलं तो. (वकिलांच्या काळ्या कोटावर इस्त्री ठेवून मी पाणी प्यायला गेलो होतो हे मला मान्य आहे. पण पाणी लांब होतं हेही लक्षात घ्या.) तेव्हा तुम्ही म्हणाला होता, 'तुझ्या हाताची आणि डोक्याची अजून ओळखच झालेली नाही.' तर कळवायला आनंद होतो की ओळख झाली, आता येणं-जाणंही सुरू आहे.

त्याचं झालं असं. मी ज्या हॉटेलात आहे त्याच्या तळघरात लाँड्री आहे, आणि मी त्या लाँड्रीत आहे. (ताईने सगळ्यांना 'हॉटेलात मोठ्या जागेवर आहे' असं सांगितलंय. जागा मोठी आहे, हे खरंच.) दोन वर्षं मी ओल्या चादरींची ट्रॉली धुण्याच्या मशीनपासून वाळवण्याच्या मशीनपर्यंत ढकलतो. ओली चादर ही एकटी असते तोवर गरीब असते, शंभर जमल्या की बैलालाही ऐकत नाहीत. त्यात माझ्या ट्रॉलीचं एक चाक वेगळ्या घरातून आल्यासारखं वागतं. तर या सगळ्या वाफेत एकच खिडकी आहे, आणि त्या खिडकीखाली शिलाई मशीन घेऊन रफूवाल्या मावशी बसतात. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, पडद्यांच्या दुमडी, नोकरांच्या कोटाची बटणं, सगळं त्यांच्याकडे. बावीस वर्षं त्या एका खुर्चीत. आता पुढच्या महिन्याअखेर त्या कायमच्या मुलीकडे राहायला चालल्यात.

म्हणजे खुर्ची रिकामी होणार. भाऊजी, पाठ टेकता येणारी खुर्ची, वर खिडकी, आणि हातात काम असं की संध्याकाळी बोट दाखवून म्हणता यावं, हे मी केलं. ट्रॉलीकडे बोट दाखवून काय म्हणणार? सकाळी होती तिथेच असते. लाँड्रीचे साहेब म्हणाले बाहेरून शिंपी आणू. मावशी म्हणाल्या आधी आतलं कोणी आहे का बघा. माझा हात वर गेला. आधी हात गेला, मला मागून कळलं.

मावशींनी परीक्षा घेतली. चादर कुणीही सांधेल, म्हणाल्या, अस्तराची, चेनची, पट्टे लावलेली हँडबॅग शिवून दाखव, ती जमली तर सगळं जमलं. मशीन जेवणाच्या सुट्टीत मिळेल. कापड म्हणून बाद झालेला एक जाड पडदा दिला, निळा, त्यावर पांढरे बगळे. अस्तराला जुने अभ्रे. आणि शिकवणार काही नाही, चुकलास की हसेन, एवढं वचन दिलं.

पहिल्या बॅगेला मी शिलाईची माया सोडलीच नाही. बॅग जेवढी हवी तेवढं कापड कापलं, सरळ हिशेब. चारी बाजूंनी शिलाईने आपापला वाटा खाल्ला, अस्तराने उरलेला खाल्ला, आणि जे हातात आलं त्यात अंगाच्या साबणाची वडी मावली, तीही समजूत घातल्यावर. दुसऱ्या खेपेला मी डोकं चालवलं. तळाला शिलाईच नको, म्हणून एकच लांब तुकडा मधोमध दुमडला. शिलाई सरळ आली, मी खुशीत बॅग उचलून जिराफाला दाखवली. (जिराफ म्हणजे माझ्या खोलीत राहणारा इस्त्रीवाला. आमच्या खोलीत छताजवळून पाइप जातो आणि त्याच्या कपाळावर त्या पाइपची कायमची खूण आहे.) त्याने पुढून बघितली, मागून बघितली, परत पुढून बघितली. पुढचे बगळे ऐटीत उभे होते. मागचे सगळे खाली डोकं वर पाय. तो म्हणाला, 'मागच्या बाजूला शिकारी येऊन गेला काय रे?'

मग तिसरी. या वेळी दोन तुकडे वेगळे कापले, बगळे दोन्हीकडे जिवंत. पण पट्टे कुठल्या बाजूला धरून शिवायचे यात घोटाळा झाला आणि बॅग सुलटी केल्यावर पट्टे आत गेले. बाहेरून एकदम सोज्वळ पिशवी, आत हात घातला की कुणीतरी हात धरल्यासारखा पट्टा लागतो. शिवाय पट्ट्याचं माप मी जिराफाच्या खांद्यावरून घेतलं होतं. उसवून बाहेर लावले तेव्हा मावशींच्या खांद्यावरून बॅग त्यांच्या चपलेशी बोलत होती.

चौथीचं मात्र मनावर घेऊ नका. बॅग उलटी शिवतात आणि मग तोंडातून ओढून सुलटी करतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. मी चेन लावली. अशी सुरेख लावली की मलाच माझी माया आली. मग ती नीट बंद केली (मी शाळेत असताना आईने दप्तराच्या चेनवरून इतकं मारलंय की उघडी चेन मला बघवत नाही), आणि चारी बाजू पक्क्या शिवून टाकल्या, अस्तरासकट, दोनदोनदा. आता सुलटी करायला गेलो तर वाटच नाही. चेन उघडायची तर तिची कडी आतल्या बाजूला. मी कापडातून चिमटीत धरून बघितली, जिराफाने दातांनी ओढून बघितली, शेवटी एकेका टोकाला धरून आम्ही दोघं ती बॅग पिळत होतो. दोन वर्षांत मी मावशींना हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, 'अरे, आत कोणी राहिलंय का?'

मग बराच वेळ हसल्या, डोळे पुसले, आणि शिकवणार नाही म्हटलेल्या मावशी म्हणाल्या, 'बाहेर यायची वाट आधी ठेवायची, बाळा. भिंती मग.' मी ते खडूने ट्रॉलीवर लिहून ठेवलं. धुण्याच्या मशीनवाल्यांना वाटलं मला काहीतरी झालंय.

आणि पाचवी, भाऊजी. माया बोटभर सोडली. बगळे वर डोकं करून. चेन अर्धी उघडी, अस्तरात हात जाईल एवढी फट. पट्ट्याच्या मापाला या खेपेला जिराफ नको म्हणून खोलीतला लांब दांड्याचा पोछा उभा केला आणि ही ताई असं समजून माप घेतलं (हे मात्र तिला अजिबात सांगू नका). सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. अस्तराच्या फटीतून हात घातला आणि ओढायला लागलो. आधी एक कोपरा, मग पट्टा, बाहेरच्या बाजूने, जिथे असायला हवा तिथे, मग एकेक बगळा बाहेर आला, डोकं वर, पाय खाली. मावशींनी शिलाईवरून नख फिरवलं. मग त्यात मोठी कात्री टाकली, माझा डबा, पाण्याची बाटली, दोन वजनं, आणि बॅग खुंटीला अडकवून जेवायला बसल्या. मी जेवलोच नाही (डबा खुंटीवर होता). त्यांचं जेवण झालं तरी पट्टा तसूभर हलला नव्हता. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, 'मी बोलते साहेबांशी.' मी त्या आनंदात ट्रॉली भिंतीत घातली. चाक सरळ झालंय.

बाकी सगळं ठीक. ताईला नमस्कार, आणि तुमच्या पाठीला आराम.

आपला, अकरा दिवस का होईना पण आपल्याच हाताखालचा,
मेहुणा

ता. क. साहेबांनी बॅग बघितली, मान डोलावली आणि कागद मागितला. ज्या शिंप्याकडे शिकलास त्याने लिहून द्यायला हवं, म्हणाले, पंधरा तारखेच्या आत. मी ज्यांच्याकडे शिकलो असे जगात तुम्ही एकटेच आहात. दुकानाचं नाव छापलेल्या कागदावर चार ओळी पुरतील. किती दिवस शिकलो ते त्यांनी विचारलेलं नाही, तेव्हा आपण होऊन सांगू नये.

दुसरं ता. क. कोटाचा उल्लेख करावाच लागला तर 'इस्त्रीचाही अनुभव आहे' असा करावा.

तिसरं ता. क. तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मला माहीत आहे. गिऱ्हाईक दुकानात असताना कापडाचा रंग जाईल म्हणून सांगणारे तुम्ही. म्हणून बॅगच सोबत पाठवतोय. ती ताईला द्या, बाजारातून आणली म्हणा. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या ब्लाउजची वाकडी शिलाई तिला दिसते. काही न विचारता बॅग खांद्याला लावून बाहेर पडली, तर कागदावर एवढंच लिहा, 'माझ्या बायकोला कळलं नाही.'

चौथं ता. क. आणि कळलं, तर 'दुरून कळत नाही' असं लिहा. आत आल्यावर साहेबांचा चष्मा वाफेने पांढरा होतो, म्हणून ते सगळी तपासणी दारातूनच करतात.